ड्रॉइंग तिसऱ्यांदा परत आलं, डिझाइन नेमकं कोणाचं?

गिरणाकाठ:
राम राम मंडळी. चाळीसगाव साइडला पाण्याची उंच टाकी आणि पंपघराचं काम आहे, लमसम, म्हणजे डिझाइन पण आमचं आणि बांधकाम पण आमचं. मी ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर. टेंडरमध्ये लिहिलंय डिझाइनची पूर्ण जबाबदारी ठेकेदाराची, बरं, मान्य. पण पायाचं ड्रॉइंग तीनदा परत आलं, आधी राफ्टची, म्हणजे पायाच्या सलग स्लॅबची, जाडी वाढवा, मग कॉलम सहाचे आठ करा, आता म्हणे मागच्या गावाला केलं तसंच करा. लेखी एक ओळ नाही, ड्रॉइंगवर पेन्सिलने शेरा, खाली सही नाही. इथे काळी माती अशी की भेगेत हात मनगटापर्यंत जातो, पाऊस तोंडावर, आमचा ठेकेदार मालक रोज फोन करतो आणि खात्याचे साहेब म्हणतात मुदत संपली की दंड. काय करू भो?

रिटायर_डेप्युटी:
टेबलाच्या पलीकडे बसून नोकरी काढली म्हणून सांगतो. आमची सवय बी-1, बी-2 टेंडरच्या कामांची, डिझाइन खात्याचं, ठेकेदाराने बांधायचं, एमबीत (मोजमाप पुस्तकात) मोजमाप टाकलं की बिल. लमसममध्ये साहेबाला कळत नाही आपण नक्की काय बघायचं. सही केली तर उद्या चूक अंगावर, काहीच बोललो नाही तर ऑडिटवाला विचारणार लक्ष कुठे होतं, म्हणून पेन्सिल 😀 तुम्ही त्याच दिवशी साधं पत्र टाका, "चर्चेत अमुक सूचना मिळाल्या, त्याप्रमाणे बदल करायचा का ते कळवावे". भांडणाची भाषा नको आणि आवक नंबर घ्यायला विसरू नका.

हायवेवाला_पारोळा:
आमच्याकडे केंद्राचा मॉडेल ईपीसी करार (डिझाइन, खरेदी, बांधकाम सगळं ठेकेदाराचं) असतो, त्यात ड्रॉइंग दिल्यावर अथॉरिटीच्या इंजिनिअरला 15 दिवस, मोठ्या पुलाला 30 पर्यंत. तेवढ्यात शेरे नाही आले तर ठेकेदार स्वतःच्या जोखमीवर काम सुरू करू शकतो, आणि शेरे आले न आले तरी डिझाइनची जबाबदारी काही त्याची सुटत नाही. तुमच्या टेंडरमध्ये असं कलम आहे का आधी बघा, नसेल तर हे वाचून उगाच काँक्रीट ओतू नका. आम्ही आता फायनल ड्रॉइंगच्या आधी कच्चा आराखडाच घेऊन जातो. एका नाल्यावरच्या पुलाला आमच्या डिझायनरने पुराची पातळी गणिताने काढली होती, तिथला जेई (ज्युनिअर इंजिनिअर) म्हणाला साहेब पाणी त्या निंबाच्या बुंध्याला लागलेलं मी बघितलंय. लेव्हल घेतली तर सव्वा मीटर फरक! कागदावरच होतं म्हणून निभावलं.

धुळे_स्ट्रक्चर:
सगळं खात्यावर ढकलू नका हो. टेंडर भरताना जमिनीची ताकद मनाने धरायची, लोखंड कमी दाखवायचं, मग शेरे आले की रडायचं, हे पण बघतो मी. टाकीला आयएस 3370 हे भारतीय मानक लागतं, एम 30 ग्रेडच्या खाली काँक्रीट नाही, भेग 0.2 मिमीच्या आत, त्यामुळे साहेब विचारणारच. मात्र "मागच्या गावासारखं" हे चूकच, तिथे मुरूम असेल. काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइलचा (जमिनीत खोल जाणारा, बुडाशी फुगीर काँक्रीटचा खांब) पण विचार करता येतो, आयएस 2911 चा भाग 3 बघा. माती तपासायचा बोअर टाकीच्याच जागेवर घेतला होता का?

गिरणाकाठ:
खरं सांगू का, नाही. बोअर पंपघराच्या जागेवर नदीकडे घेतलेला, टाकीची जागा नंतर गावठाणाकडे सरकली आणि मालकाने तोच रिपोर्ट जोडला. आता कळालं पेन्सिल का चालत होती.

रिटायर_डेप्युटी:
मग पत्र राहू द्या आधी. साहेबाला गाडीत बसवून खड्ड्यावर न्या आणि नवीन बोअर घेतो हे स्वतःहून सांगा. जागा कोणी बदलली, ते लेखी आहे का?

गिरणाकाठ:
आहे, ग्रामपंचायतीचा ठराव आणि खात्याचं पत्र दोन्ही. म्हणजे मुदतवाढ मागता येईल. गुरुवारी नेतो साहेबाला, बोअरवाल्याला पण तिथेच बोलावलंय.