निवडणुकीत पास व्हायला नक्की काय लागतं, अक्कल की चेहरा?

पाटीपेन्सिल:
स्वित्झर्लंडमध्ये एक प्रयोग झाला होता, २००९ साली छापून आला. शाळकरी पोरांना अनोळखी माणसांचे दोन दोन फोटो दाखवले आणि विचारलं, तुम्ही बोटीने लांबच्या प्रवासाला निघालाय, यातला कॅप्टन कोण हवा? पोरांनी पटापट बोटं ठेवली. फोटो होते फ्रान्सच्या २००२ च्या संसद निवडणुकीतल्या उमेदवारांचे, एक जिंकलेला आणि एक पडलेला, आणि पोरांनी नेमलेला कॅप्टन दहात साधारण सात वेळा खराच जिंकलेला निघाला. म्हणजे मोठी माणसं भाषणं ऐकून, जाहीरनामे चाळून, घसा कोरडा करून जिथे पोचतात तिथे पोरं नुसतं थोबाड बघून पोचतात. साध्या कारकुनाला लेखी परीक्षा आणि वर मुलाखत, आणि ज्याच्या हातात तिजोरी आणि फौज द्यायची त्याला फक्त हात हलवता आला की झालं. निवडणूक ही आता निव्वळ लोकप्रियतेची स्पर्धा झालीये असं माझं स्पष्ट मत. कोणाला पटत नसेल तर सांगा.

उलटाचष्मा:
नाही पटत. दहात पाच तर नाणं उडवूनही येतात हो, वरचे दोन काय ते चेहऱ्याचे. आणि "आता झालीये" म्हणजे काय, आधी कधी नव्हती?

रविवारची_चकली:
अमेरिकेतली १९६० ची राष्ट्राध्यक्ष निवडणूक आठवा की. केनेडी आणि निक्सन टीव्हीवर आमनेसामने आले, निक्सन नुकताच आजारातून उठलेला, मेकअप नीट नाही, घाम फुटलेला. रेडिओवर ऐकणाऱ्यांना वाटलं निक्सन जिंकला आणि टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी. तिथून सगळं बिघडलं.

उलटाचष्मा:
हा किस्सा सगळे सांगतात पण त्याचा पाया फार कच्चा आहे. ज्या पाहणीवरून तो निघाला त्यात रेडिओवाले तीनशेसुद्धा नव्हते, आणि त्या काळात रेडिओवर कोण ऐकत होतं, कुठल्या भागातले, मुळात कोणाकडे झुकलेले, हे कोणी बघितलंच नाही. घाम खरा, निष्कर्ष ताणलेला.

गुळगुळीत_दगड:
मला या वादात एक गंमत दिसते. जुन्या अथेन्समध्ये पाचशे जणांची जी सभा होती ती चिठ्ठ्या टाकून भरायचे, बहुतेक अधिकारीही चिठ्ठीनेच. मग मतदान कशासाठी? सेनापतींसाठी! का, तर तिथे चुकीचा माणूस गेला तर लढाई हरणार, म्हणून तिथे कसब बघून हात वर करायचे आणि चांगला वाटला तर त्यालाच पुन्हा पुन्हा निवडायचे, पेरिक्लीस असाच वर्षानुवर्षं निवडून येत राहिला. म्हणजे त्यांच्या लेखी निवडणूक हीच लायकीची परीक्षा होती आणि लोकशाही म्हणजे चिठ्ठी. आपण निवडणुकीलाच लोकशाही म्हणायला लागलो आणि वर रडतो की यात लायकी बघत नाहीत. आता पेरिक्लीसला मतं युद्धातल्या डोक्याची मिळायची की जिभेची, हे मात्र मला विचारू नका, कारण तोही बोलायला एक नंबर होता.

पाटीपेन्सिल:
दगडराव, हे आवडलं, पण माझाच मुद्दा झाला ना हा. कसब लागतं तिथे कसब मोजा. उमेदवाराला किमान अट ठेवायला काय हरकत आहे? अर्थसंकल्प वाचता येतो का, कायदा कसा होतो ते माहीत आहे का, बस इतकंच.

धूळपाटी:
हरकत ही की पेपर कोण काढणार. अमेरिकेच्या दक्षिणेत मतदारांची साक्षरता परीक्षा घ्यायचे. पास-नापास ठरवणारा गोरा अधिकारी, आणि कृष्णवर्णीय माणूस शिकलेला असला तरी नापास. १९६५ च्या कायद्याने ते मोडून काढावं लागलं.

पाटीपेन्सिल:
मी मतदाराची नाही, उमेदवाराची परीक्षा म्हणतोय!

धूळपाटी:
बरं मग सिंगापूर घ्या. तिथे राष्ट्राध्यक्षपदाला खाजगी क्षेत्रातून उभं राहायचं तर ५० कोटी सिंगापूर डॉलर भांडवलाची कंपनी चालवलेली असावी लागते. पद मर्यादित अधिकारांचं आहे आणि २०१७ ची निवडणूक एका समाजासाठी राखीवही होती, ते सोडा, पण झालं काय, तर चाळणीतून एकच उमेदवार खाली आला आणि मतदानच झालं नाही. लायकी एकदम चोख, फक्त निवडणूक गायब :)

रविवारची_चकली:
😂😂 पण मग नट आणि विदूषक निवडून येतात त्याचं काय? युक्रेनचा झेलेन्स्की टीव्हीवर राष्ट्राध्यक्षाची भूमिका करायचा, २०१९ ला ७३ टक्के मतं घेऊन खराच राष्ट्राध्यक्ष झाला.

उलटाचष्मा:
आणि २०२२ ला रशियाचे रणगाडे घुसले तेव्हा राजधानी सोडून गेला नाही, हे कुठल्या लेखी परीक्षेत कळलं असतं? त्याच्या बाकी कारभाराबद्दल भांडा हवं तर. याच्या उलट इटलीचे मोंती बघा, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, युरोपियन कमिशनवर काम केलेले, २०११ मध्ये देश कर्जात बुडत असताना निवडणूक न लढवता पंतप्रधान केले. कागदावर याहून लायक माणूस मिळणार नाही. २०१३ ला लोकांसमोर गेले तर त्यांच्या आघाडीला जेमतेम १० टक्के. तुम्ही म्हणाल लोक मूर्ख. मी म्हणतो कर वाढवले, पेन्शनचं वय वाढवलं आणि हे का करतोय ते लोकांच्या गळी उतरवता आलं नाही, तर तीही नापासीच. लोकांना सोबत घेऊन जाता येणं हे राजकारणातलं कौशल्यच आहे, वरचा मुलामा नाही.

गुळगुळीत_दगड:
आणि १९४५ चं ब्रिटन? चर्चिल युद्ध जिंकून आलेला, सभांना तुफान गर्दी, भाषणाला तोड नाही. समोर ॲटली, चारचौघात उठून न दिसणारा माणूस. लोकांनी चर्चिलला टाळ्या दिल्या आणि मतं ॲटलीच्या पक्षाला, तीही भरभरून. लोकांना घरं, नोकऱ्या आणि दवाखाने हवे होते. नुसती लोकप्रियताच चालत असती तर हा निकाल लागलाच नसता.

पाटीपेन्सिल:
ॲटलीवर मी अडलो, कबूल. पण तेव्हा लोकांसमोर दोन पक्षांचे दोन वेगळे आराखडे होते. आता पक्ष म्हणजे एका माणसाचा फोटो, बाकी सगळे त्याच्या मागे उभे.

धूळपाटी:
मला वाटतं पहिल्यांदा निवडताना लायकी कळतच नाही, आपण उगाच तिथे शोधतो. कळते ती पाच वर्षांनी. निवडणुकीचा खरा उपयोग आणण्यापेक्षा घालवायला जास्त.

उलटाचष्मा:
इथे मात्र मी माझ्याच बाजूच्या विरुद्ध बोलतो. १९१६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यात चार माणसं गेली. पुढे दोन अभ्यासकांनी दाखवलं की त्या किनाऱ्यावरच्या भागात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची मतं घटली, म्हणजे शार्क चावला आणि लोकांनी राष्ट्राध्यक्षाला शिक्षा केली. नंतर दुसऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासून सांगितलं की असं काही ठाम दिसत नाही. वाद चालू आहे. पण शंका राहतेच, पाच वर्षांनी आपण काम मोजतो की फक्त आपले दिवस कसे गेले ते?

पाटीपेन्सिल:
हे सगळं वाचून काल रात्री जेवताना घरी तावातावाने सांगत होतो की लोक चेहरा बघून मत देतात. बायको म्हणाली, तू मागच्या वेळी ज्याला दिलंस त्याच्या जाहीरनाम्यातला एक मुद्दा सांग. खूप डोकं खाजवलं. पोस्टरवर शर्ट कुठल्या रंगाचा होता ते आठवलं.

रविवारची_चकली:
मग निवडून आला का तो?

पाटीपेन्सिल:
आला ना.