जीमेल भरलं म्हणून नवा पत्ता? थांबा जरा

काही जण सुचवतात की जीमेलचा मेलबॉक्स भरला तर सरळ दुसरं खातं काढावं. मला हे पटत नाही. बँक, आयकर, डीमॅट सगळीकडे जुना पत्ता नोंदवलेला असतो, आणि जागा संपलेल्या खात्यावर आलेली मेल पाठवणाऱ्याकडे परत जाते.

मुळात गूगल खात्यावर फुकट मिळणारे 15 जीबी एकट्या जीमेलचे नाहीत. गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटोज त्यातच. जून 2021 पासून चढवलेले फोटो त्यात मोजले जातात (गूगलचे काही जुने पिक्सेल फोन सोडून), आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातूनच जातो. म्हणजे फॅमिली ग्रुपवरचे सुप्रभातचे व्हिडिओ तुमच्या मेलची जागा खातायत! बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'व्हिडिओ समाविष्ट करा' बंद करा, पुढच्या बॅकअपला फरक दिसेल.

मेल एकेक करून पुसत बसू नका. कॉम्प्युटरवर जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला फिल्टरचं चिन्ह आहे. तिथे आकार 10 एमबीपेक्षा जास्त असा टाकला की मोठ्या अटॅचमेंटवाल्या मेल तेवढ्या समोर येतात. हव्या त्या उतरवून घ्या, बाकी उडवा. उडवल्यावर ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर 30 दिवस जागा अडूनच राहते.

फोटोंच्या बाबतीत मात्र सावकाश. बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमधून फोटो पुसला की सहसा फोनमधूनही जातो. आधी पेनड्राइव्हवर कॉपी, मग साफसफाई.