‘ओके’ पुढचा पूर्णविराम

(आमच्या सोसायटीच्या ‘सूचना व गप्पा’ ग्रुपवर शनिवारी रात्री झालेली चर्चा. सगळ्यांना विचारून इथे देतो आहे. सुविचाराची दोन फुलं, डब्याची एक जाहिरात आणि ‘ही पांढरी गाडी कोणाची?’ एवढं गाळलं आहे. – ॲडमिन)

सावंत (सेक्रेटरी): उद्या टाकी साफ. १० ते ४ पाणी नाही. भरून ठेवा.

कुलकर्णी काकू, ए-३०३: सावंत, ही सूचना आहे की दम? कोणती टाकी, वरची की खालची? कोणत्या विंगची?

सावंत: दोन्ही. सर्व विंग.

कुलकर्णी काकू: आणि ‘कृपया’ला काय पैसे पडतात?

सावंत: ओके.

रेवती, डी-४०४: सावंतकाका, रागावलात का

सावंत: नाही. का?

रेवती: ‘ओके’ पुढे पूर्णविराम दिलात म्हणून

सावंत: वाक्य संपलं की पूर्णविराम देतात. शाळेत शिकवलंय.

ओंकार, ए-१०२: काका, चॅटवर पूर्णविराम म्हणजे ‘विषय संपला, आता गप बसा’

कुलकर्णी काकू: हे कोणी ठरवलं? माझी अख्खी नोकरी पूर्णविराम न देणाऱ्यांचे मार्क कापण्यात गेली. आता दिला तर माणूस रागीट ठरतो?

रेवती: काकू, आम्हीच तसं म्हणतो असं नाही. अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात यावर प्रयोग झाला होता, २०१५ मध्ये छापून आला. १२६ विद्यार्थ्यांना छोटे छोटे संवाद वाचायला दिले. कोणीतरी काही विचारतं आणि समोरचा एका शब्दात ‘हो’ छापाचं उत्तर देतो. काही उत्तरांपुढे पूर्णविराम, काहींपुढे नाही. पूर्णविरामाचं उत्तर मुलांना कमी मनापासून दिलेलं वाटलं. पण तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर दाखवलं तर काही फरक पडला नाही. म्हणजे कागदावर तुमचाच नियम चालतो. इथे मेसेज पाठवला की वाक्य संपतंच. मग वर आणखी टिंब दिलं की लोक त्याचा काहीतरी अर्थ काढणार

सावंत: मी लोकांना वाईट वाटावं म्हणून टिंब देत नाही.

ओंकार: बघा, परत दिला 😄

शेवाळे काका, बी-४०३: नमस्कार शेवाळे बोलतोय त्या टाकीवाल्याला सांगा मागच्या वेळी झाकण नीट लावलं नव्हतं आत कबुतराची पिसं निघाली होती स्वल्पविराम अगं चहा इथेच ठेव पूर्णविराम

ओंकार: काकांचा चहा आला 😂😂

रेवती: पिसं खरंच होती, फोटो आहेत माझ्याकडे. सावंतकाका, झाकणाचं प्लीज बघा

सावंत: बघतो.

(शेवाळे काकांना बारीक दिसत नाही, म्हणून ते बोलून टाइप करतात. २०१७ मध्ये गूगलने मराठीची सोय केली तेव्हापासून त्यांचे मेसेज असेच येतात. शेवाळे काकूंचा अभिषेक, नातवाची रडारड, कुकरला दिलेली दाद, सगळं त्यात. आम्हाला सवय झाली आहे. खरं तर त्या घराची खुशाली आम्हाला त्यातूनच कळते.)

कुलकर्णी काकू: शेवाळे, तुमचं एक बरं आहे. तुमचं लेखन थेट पेशवे दफ्तरातलं. जुनी मोडी पत्रं पाहिली आहेत का कोणी? आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, काही नाही. ही विरामचिन्हं आपल्याकडे इंग्रजीवरून आली. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज पंडिताने ती मराठीत रुजवली.

ओंकार: म्हणजे पूर्णविराम मुळात आपला नाहीच!!

कुलकर्णी काकू: पायजमाही मुळात आपला नव्हता. घालतोस ना?

(इथे सात जणांनी हसरे चेहरे टाकले. सावंतांनीसुद्धा.)

कुलकर्णी काकू: माझी तक्रार टिंबांची नाहीच. तक्रार आहे ती तोडून लिहिण्याची. ‘उद्या टाकी साफ.’ यात क्रियापद कुठे आहे? पूर्वी साधं पोस्टकार्ड लिहायचं तरी ‘सा. न. वि. वि.’, ‘पत्रास कारण की’, ‘इकडील सर्व क्षेम’ आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. माणसाला माणसासारखं वागवत होतो.

पाटणकर काका, बी-२०२: कुलकर्णी वहिनींस स. न. वि. वि. मी तार खात्यात उमेदीची वर्षं घालवली, त्यामुळे या बाबतीत दोन शब्द जास्त लिहितो, क्षमस्व. तोडून लिहिणं मोबाइलने आणलेलं नाही. तारेला शब्दावर पैसे पडत. माणूस खिडकीशी येऊन मोठा मजकूर सांगायचा आणि दर ऐकला की स्वतःच एकेक शब्द खोडायचा. ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’. चार शब्द. त्यात ना ‘कृपया’, ना आईला काय झालंय. तार आली म्हटलं की फोडण्याआधीच घरात रडू फुटायचं, मग आत पास झाल्याची बातमी का असेना! सावंतांच्या सूचनेने निदान कोणी रडलेलं नाही.

दुसरं, वहिनी, ‘सा. न. वि. वि.’ हे तरी काय आहे? पूर्ण वाक्य लिहायचा कंटाळा म्हणून चार अक्षरं. ‘ति. स्व.’, ‘चि. सौ. कां.’, सगळी कंटाळ्याचीच अपत्यं. फक्त जुनी झाली म्हणून सोज्वळ वाटतात.

तिसरं, तयार शुभेच्छांबद्दल. या ग्रुपवर मागे दिवाळीला बरीच बोलाबोली झाली की लोक स्वतः दोन ओळी लिहीत नाहीत, आलेलं चित्र पुढे ढकलतात. आमच्याकडे शुभेच्छांच्या मजकुरांची छापील यादी होती. दिवाळी, लग्न, बाळ, परीक्षा, प्रत्येकाला नंबर. गिऱ्हाईक नंबर सांगायचं, तारेतून नंबरच जायचा आणि पलीकडे अख्खं वाक्य कागदावर उतरायचं. त्या तारा लोकांनी जपून ठेवल्या आहेत हो! १४ जुलै २०१३ ला रात्री शेवटच्या तारा घेतल्या आणि सेवा बंद झाली. त्या दिवशी रांगा लावून तार करायला आलेल्यांत कितीतरी मुलं अशी होती, ज्यांनी आयुष्यात तार पाहिली नव्हती. कळावे.

रेवती: पाटणकरकाका, हे भारी आहे 🙏

ओंकार: म्हणजे नंबर पाठवायचा आणि मजकूर उमटायचा. स्टिकरच की

मनीष, बी-१०४: इंग्लिश अक्षरात मराठी लिहायची सवय पण पैशांमुळेच लागली. आमचं मोबाइलचं दुकान होतं तेव्हाचं सांगतो. एका एसएमएसमध्ये इंग्लिश अक्षरं बसायची १६०. तेच देवनागरीत लिहिल तर ७०. वर काना मात्रा वेलांटी प्रत्येक वेगळं मोजलं जायच. म्हणजे एकाच निरोपाला दोन मेसेजचे पैसे. आणि समोरच्याचा फोन साधा असेल तर त्याला नुसते चौकोन दिसणार. कोण लिहील देवनागरीत? आता पैशांचा प्रश्न नाही तरी बोटं ऐकत नाहीत

सावंत: मनीष, तुळशीच्या लग्नानंतरचं सांग सगळ्यांना.

मनीष: नको हो

ओंकार: मी सांगतो. दिवाळीच्या माळा जिन्यात तशाच लोंबत होत्या. मनीषदादाने ग्रुपवर इंग्लिश अक्षरांत टाकलं, एम ए एल ए, के ए डी एच ए. आणि प्रेसिडेंटसाहेबांनी वाचलं ‘मला काढा’. पाच मिनिटांत दादा ग्रुपच्या बाहेर 😂 दोन दिवस कोणाला पत्ताच नाही. माळा तशाच

मनीष: मला वाटल वर्गणी उशिरा दिली म्हणून काढल

कुलकर्णी काकू: ‘वाटलं’. ‘काढलं’. मनीष, अनुस्वाराला आता वेगळे पैसे पडत नाहीत.

मनीष: 🙈

रेवती: काकू, तो कीबोर्ड शब्द सुचवतो, पहिला दिसतो तो आपण दाबतो. घाईत कोण बघतं

कुलकर्णी काकू: बघायला हवं. पण आता खरं सांगू? मला तुमच्या ‘वाटलं’, ‘काढलं’चं कुतूहल वेगळंच आहे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनाचे नियम आम्ही पाठ केले. त्यात असं आहे की एरवी ‘केले, गेले, असे’ लिहावं, आणि कोणाचं बोलणं जसंच्या तसं दाखवायचं असेल तिथे ‘केलं, गेलं, असं’. म्हणजे गोष्टीत पात्र बोलायला लागलं की अनुस्वार, लेखक बोलायला लागला की मात्रा. आज हा ग्रुप वर सरकवून वाचला. सगळ्यांचं ‘केलं, गेलं’. माझंसुद्धा. ‘कृपया पाणी भरून ठेवावे’ असं लिहिणारं इथे कोणी उरलंच नाही, सगळी पात्रंच झाली आहेत.

पाटणकर काका: वहिनी, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

कुलकर्णी काकू: मी नोटीस म्हणून वाचायला गेले आणि सावंत जिन्यात भेटल्यासारखे बोलत होते. जिन्यात ‘उद्या टाकी साफ, पाणी नाही’ हे मला मुळीच उद्धट वाटलं नसतं. तिथे त्यांचा चेहरा दिसतो, हातातली पिशवी दिसते, घाई कळते.

रेवती: म्हणूनच आम्ही शेवटी काहीतरी चिकटवतो काकू. 🙂 किंवा ‘होऽऽ’ किंवा ‘चालेलचालेल’. नुसतं ‘हो’ लिहिलं तर आईचा लगेच फोन येतो, काय झालं म्हणून

शेवाळे काका: चित्रं टाकताना बघून टाका म्हणावं माझा भाऊ गेला तेव्हा मी इथे कळवलं तर दोघांनी अंगठा दाखवला अंगठा कशाचा पूर्णविराम

(यावर थोडा वेळ कोणी काही लिहिलं नाही. अंगठा दाखवणाऱ्यांत मनाने वाईट कोणी नव्हतं. त्यांना ‘वाचलं, कळलं’ एवढंच म्हणायचं होतं. पण ‘वाचलं’चा अंगठा आणि ‘छान’चा अंगठा एकच आहे, आणि शेवाळे काकांना तो मोठा करून बघावा लागतो.)

सावंत: शेवाळे काका, त्यातला एक मी होतो. तेव्हा मी घरी येऊन गेलो होतो, पण अंगठा चुकलाच.

शेवाळे काका: तुम्ही आला होतात ते आठवतंय पोहे करायला वेळ नव्हता त्या दिवशी

ॲड. मेहेंदळे, सी-५०१: उशिरा वाचते आहे. एक कायद्याची बाजू. तुम्ही याला जिन्यातलं बोलणं म्हणता, पण कोर्ट तसं म्हणेलच असं नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं प्रकरण होतं. देणेकरी नोटीस घ्यायला सापडत नव्हता. कंपनीने ती पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर पाठवली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती बजावली गेली असं धरलं, कारण मेसेज पोहोचल्याची आणि जोडलेली फाइल उघडल्याचीही खूण दिसत होती. तेव्हा निळ्या टिकांना हसू नका.

ओंकार: बापरे. मी आजच टिका बंद करतो

ॲड. मेहेंदळे: कर. पण इथे काहीबाही लिहून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं की लिहिलंच नव्हतं असं होत नाही, तेही लक्षात ठेव. तोवर कोणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असतो. जिन्यातलं बोलणं हवेत जातं, इथलं राहतं.

कुलकर्णी काकू: तो ‘हा मेसेज डिलीट केला’ दिसला की मला रात्रभर झोप येत नाही. काय लिहिलं असेल मेल्याने!

रेवती: काकू 😂 आता एडिटपण करता येतं, पंधरा मिनिटांच्या आत. सावंतकाका, तुमची पंधरा मिनिटं कधीच गेली

ॲड. मेहेंदळे: आणि सावंत, टाकीसाठी हा ग्रुप ठीक आहे. पण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, विषयपत्रिकेसकट, प्रत्येक सभासदाला रीतसर गेली पाहिजे. फलकावरही लावायची. मागच्या वेळसारखं इथे ‘रविवारी सभा, या’ टाकून चालणार नाही. कोणी हरकत घेतली तर सगळे ठराव अडकतील.

सावंत: ती लिहून घ्यायची आहे. रीतसर मराठीत लिहायला कोण मदत करेल? मला ‘अध्यक्षांच्या पूर्वपरवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ एवढंच येतं.

पाटणकर काका: वहिनींशिवाय कोण?

कुलकर्णी काकू: लिहिते. ‘ठेवण्यात येईल’, ‘करण्यात यावे’ असलं सरकारी मात्र नाही लिहिणार. ‘ठेवू’, ‘करावे’. तारीख, वार, वेळ, जागा वर ठळक. चष्मा न लावता वाचता आलं पाहिजे. आणि शेवाळेंना कोणीतरी वाचून दाखवा.

रेवती: मी वाचून व्हॉइस नोट पाठवते त्यांना

शेवाळे काका: पाठव पण फार भरभर बोलू नकोस तुम्ही मुली

मनीष: छापायचं माझ्याकडे. कागद माझा, शाई सोसायटीची

सावंत: चालेल. टाकी, लिफ्ट, लाइट इथेच. सभा, वर्गणी, दुरुस्तीचा खर्च फलकावर आणि घरोघरी. मतदान टाकतो.

(मतदानात पहिल्या तासाभरात एकवीस ‘हो’ आणि एक ‘नाही’. ‘नाही’ डी-२०१ च्या आजोबांचं. विचारलं तर म्हणाले, फोन उचलताना लागलं.)

ओंकार: काकू, नोटिशीचा कच्चा मजकूर मला पाठवा. मी पाच ओळींत बसवून देतो

कुलकर्णी काकू: सात.

ओंकार: सहा. शेवटची बोली

कुलकर्णी काकू: बरं, सहा. अनुस्वार मी बघीन.