मुंबईत आपल्या लोकांचा असा एखादा भाग आहे का?

डोंबिवलीकर२४
मी गे आहे हे नुकतंच ताईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पण आईला एवढ्यात बोलू नकोस म्हणाली. आता एकदा तरी आपल्यासारख्या माणसांत जाऊन बसायचंय. मावसभावाने लंडनहून सोहोमधल्या ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटचे फोटो पाठवले होते (माझं त्याला माहीत नाही, सहज पाठवले). दोन पुरुष हातात हात घालून चाललेत आणि कोणी वळूनही बघत नाही. तो फोटो मी कितीदा उघडून पाहतो. मुंबईत असं कुठे आहे? कोणी कुलाबा म्हणतं, कोणी वांद्रे. एकट्याने गेलं तर चालतं का? मी दारू पीत नाही आणि शेवटच्या लोकलच्या आत निघावं लागतं.

गिरगावचा काका
असा भाग मुंबईत नाही रे बाळा. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रोमध्ये १९६०-७० च्या सुमारास जुनी कुटुंबं उपनगरांत गेली, मोठाली घरं स्वस्तात मिळू लागली, म्हणून आपली माणसं तिथे राहायला आली. आपल्याकडे लग्न होईस्तोवर मुलगा घरीच, आणि निघालाच बाहेर तर एकट्याला जागा द्यायला सोसायटीवाले का-कू करतात. मग गल्ली कुठून उभी राहणार? आपली वस्ती आठवडी बाजारासारखी ठरल्या दिवशी भरते आणि उठते. म्हणून पत्त्यापेक्षा तारीख शोध.

पहिल्यांदा जाणार असशील तर पार्टीला नको, ‘कशिश’ला जा. २०१० पासून होणारा क्विअर चित्रपट महोत्सव आहे. खुर्चीत बसायचं, सिनेमा बघायचा; कोणी नाव विचारत नाही. मध्यंतरात चहाच्या रांगेत आपोआप बोलणं होतं. बहुतेक खेळ लोकलच्या वेळेत संपतात.

प्राइडलाही, म्हणजे आपल्या लोकांच्या मोर्चालाही ये, पण थोड्या दिवसांनी. २००८ मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानावरून पहिली क्विअर आझादी यात्रा चौपाटीकडे निघाली, तेव्हा मी मोर्चात नव्हतो. पलीकडच्या फुटपाथवरून, हातात भाजीची पिशवी घेऊन, त्यांच्याच वेगाने चालत होतो. तसं चाललास तरी तो तुझाच मोर्चा.

वसईची_मृ
काकांचं पटलं, पण पार्ट्यांना एवढं नाकारू नका. मला माझ्या मैत्रिणी तिथेच भेटल्या. गर्दी मुलांचीच जास्त, हे मात्र खरं.

डोंबिवलीकर, एक नीट ऐक. अ‍ॅपवर कोणी भेटलं तर पहिली भेट स्टेशनबाहेरच्या हॉटेलात, उजेडी. कोणाच्या खोलीवर नाही. फोटो काढून ‘घरी सांगतो, पोलिसात देतो’ म्हणत पैसे उकळणारे असतात. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं नातं गुन्हा नाही. धमकावणारा मात्र गुन्हेगार आहे. एक रुपया देऊ नकोस, मेसेज जपून ठेव आणि हमसफर ट्रस्टला फोन कर. १९९४ पासूनची संस्था आहे, समुपदेशनही करतात.

एका मुलाची आई
बाळा, ताई म्हणते तसं आईच्या बाबतीत घाई करू नकोस, पण आमचाही विचार कर. मला कळलं तेव्हा बोलायला कोणी नव्हतं. ‘गे बॉम्बे’ गटाच्या पालकांच्या भेटीत गेले, तिथे माझ्याच वयाच्या बायका होत्या. आधी ताईला ने. आईला ती नंतर आणेल.

डोंबिवलीकर२४
काका, कशिशचं तिकीट आलं की इथे लिहितो. ताई विचारतेय, तिला चालेल का यायला?

गिरगावचा काका
चालेल काय, घेऊनच ये.