फ्लटर अ‍ॅपमधले एपीआय रूट (सर्व्हरकडून माहिती मागायचे पत्ते) कुठे ठेवता? माझे तर घरभर सांडलेत

रावेरचा_पोऱ्या
भो लोकांनो मदत करा. केळीच्या भावाचं अ‍ॅप करतोय, रावेर यावल चोपडा असा तालुका निवडला की आजचा क्विंटलचा भाव दिसतो. सुरुवातीला दोनच स्क्रीन होत्या म्हणून यूआरएल तिथल्या तिथेच टाकली, आता चौदा झाल्या आणि बॅकएंडवाल्या (सर्व्हर सांभाळणाऱ्या) मित्राने पत्त्यातलं व्ही-वनचं व्ही-टू केलं, वर रेट फील्डचं नावही बदललं. रात्री दोनपर्यंत शोधून शोधून बदलत बसलो तरी मागच्या भावांच्या स्क्रीनवर जुनंच राहिलं. आणि अजून एक, भाव 1875.50 असला की चालतं, सरळ 1900 आला की लाल स्क्रीन. हे काय आहे?

धुळेकर_७७
1900 चं आधी सांगतो. जेसनमध्ये (सर्व्हर माहिती पाठवतो तो मजकूर) दशांश नसला की डार्ट (फ्लटरची भाषा) त्याला इंट म्हणजे पूर्णांक धरतो आणि तू डबल म्हणजे दशांशवाला आकडा म्हणून ओढतोय, म्हणून फुटतं. आधी नम (दोन्हीपैकी कुठलाही आकडा) म्हणून घे, मग टूडबल कर. पण हे चौदा ठिकाणी करू नको रे बाबा! भावाचा एक क्लास कर, सगळी उलथापालथ त्याच्या फ्रॉमजेसनमध्ये म्हणजे जेसन वाचणाऱ्या भागात, स्क्रीनला जेसनचा वाससुद्धा लागता कामा नये. मग फील्डचं नाव बदलू दे नाहीतर काहीही होऊ दे, एकच ओळ हलते. रूटची एक वेगळी फाईल, साधे रूट कॉन्स्ट (न बदलणारे), तालुक्याचा आयडी लागतो तिथे फंक्शन. बेस यूआरएल आणि व्हर्जन डिओच्या (सर्व्हरला विनंती पाठवणारं पॅकेज) बेसऑप्शन्समध्ये एकदाच.

भरीत_पार्टी
एकच फाईल म्हणजे पुढे तिचंही भरीत होतं, अनुभवाने सांगतो. भाव, हवामान, लॉगिन असे फोल्डर पाड आणि ज्याचे रूट त्याच्यापाशी ठेव. डीटीओ (सर्व्हरच्या माहितीचा क्लास) वेगळा, मॉडेल (आपल्या वापराचा क्लास) वेगळं, मध्ये एकाचं दुसरं करणारा मॅपर असलं आत्ता नको, एवढ्याशा अ‍ॅपला कशाला. बेस यूआरएल डार्ट-डिफाईनने म्हणजे बिल्ड करताना बाहेरून दे, आणि सर्व्हर स्वतःच्या कॉम्प्युटरवर आणि अ‍ॅप अँड्रॉइड एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) चालवत असशील तर लोकलहोस्ट नाही, 10.0.2.2 टाक. मी एक अख्खा रविवार त्यात घालवलाय.

रावेरचा_पोऱ्या
झालं दादा, फोल्डर पाडले, 1900 पण दिसतोय. आता बाजार बंद असला की भाव नल (रिकामा) येतो, फ्रॉमजेसनमध्येच शून्य करून टाकू का?

धुळेकर_७७
शून्य नको भो, एखादा शेतकरी कापणी थांबवून बसेल. नल आहे तो नलच ठेव, स्क्रीनवर "आज लिलाव नाही" लिही.