पौलाच्या तोंडी ग्रीक कवी: उसनवारी की नुसती बोलीभाषा?

पिंपळपान:
बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात पौल, म्हणजे आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा आणि मग येशूचा प्रचारक झालेला माणूस, राजा अग्रिप्पाला दमास्कसच्या वाटेवरचा अनुभव सांगतो. येशूची वाणी इब्री भाषेत झाली, असं तो मुद्दाम म्हणतो. आणि ती वाणी म्हणते काय, तर पराणीवर (बैल हाकायच्या टोकदार काठीवर) लाथ मारणं तुला जड जातंय! ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या 'बाक्खाय' नाटकात डायोनिसस देव राजा पेंथेउसला हेच सुनावतो. तिथेही नवा देव आहे, त्याच्या भक्तांचा छळ करणारा माणूस आहे आणि तोंडी हीच पराणी. दमास्कसची हकिगत या पुस्तकात तीनदा येते, पण सर्वांत जुन्या हस्तलिखितांत पराणी फक्त राजापुढच्या या तिसऱ्या खेपेला आहे. लेखकाच्या कानात नाटक घुमत होतं, याबद्दल मला शंका नाही.

वहिवाट:
मला आहे. पराणीची ही म्हण पिंडार आणि एस्किलस या ग्रीक कवींकडेही सापडते. जिथे बैल जुंपतात तिथे ती रुजणारच. आपण 'अडला हरी' म्हणतो तेव्हा कुठलं पुस्तक समोर ठेवून म्हणतो का? नव्या कराराच्या लेखकांचं खरं दप्तर म्हणजे इब्री शास्त्राचं ग्रीक भाषांतर. लूकच्या शुभवर्तमानातलं येशूच्या आईचं, मरियेचं गीत जुन्या करारातल्या हन्नाच्या गीतावर बेतलेलं आहे. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कने ग्रीक महाकवी होमर गिरवला असंही काही अभ्यासक म्हणतात, पण येशूच्या पाच भाकरींच्या चमत्काराशेजारी जुन्या करारातलं २ राजे, अध्याय ४ ठेवून बघा. अलीशा संदेष्टा वीस भाकरींत शंभर माणसं जेवू घालतो, सेवक 'एवढ्यात कसं होणार' विचारतो, वर अन्न उरतं. इतकं जवळचं असताना होमरच्या ट्रॉयपर्यंत कशाला जायचं?

ओवीकार:
वहिवाट, शब्द रिकाम्या हाताने येत नाहीत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळीतला ग्रीक 'लोगोस' मराठीत 'शब्द' झाला. त्याला जुन्या करारातल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा आधार आहेच, पण स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञांची विश्वबुद्धीही त्याच नावाची. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन म्हणूनच सॉक्रेटिसलाही ख्रिस्ती लोकांत धरू शकला. फादर स्टीफन्सनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' ओवीत आणलं, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. ऐकणाऱ्याच्या मनात त्या शब्दासोबत काय काय उभं राहिलं असेल!

पिंपळपान:
एस्किलसचा मुद्दा रास्त आहे, एकट्या पराणीवर माझी भिस्त नको. पण 'कृत्ये'चाच अध्याय १७ घ्या. अथेन्समध्ये पौल सरळ म्हणतो, तुमच्याच काही कवींनी म्हटलंय, आपण त्याचे, म्हणजे देवाचे, वंशज आहोत. ही ओळ ग्रीक कवी अराटसची. तो किलिकिया प्रांतातल्या सोलीचा, पौल त्याच किलिकियातल्या तार्ससचा. आणि मूळ कवितेत ती ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याच्याबद्दल आहे!

वहिवाट:
ही उसनवारी मी मान्य करतो, तो स्वतःच सांगतोय. पण लगेच पुढचं वचन वाचा. वंशज आहोत, म्हणूनच देव सोन्या-चांदीचा किंवा दगडाचा समजू नये, असं तो त्याच ओळीवरून काढतो. समोर मूर्तींनी भरलेलं शहर आहे. झ्यूसची ओळ घेऊन झ्यूसचीच मूर्ती नाकारली, याला मी प्रभाव कसा म्हणू?