एका प्रोसेसरवर धावणारे नेटवर्क कार्ड एसएमपी कर्नेलवर बंद पडते: दोष ड्रायव्हरचा की इंटरप्टचा?

तारतम्य (धागाकर्ता)

लक्षण नेहमीचेच आहे. एक-प्रोसेसर लिनक्स कर्नेलवर नेटवर्क व्यवस्थित चालते. त्याच मशीनवर एसएमपी (अनेक प्रोसेसर एकत्र चालवणारा) कर्नेल चढवला की कार्ड ओळखले जाते, लिंकचा दिवा लागतो, आयपी पत्ताही देता येतो, पण पिंगला उत्तर येत नाही. थोड्या वेळाने लॉगमध्ये 'नेटडेव्ह वॉचडॉग... ट्रान्समिट टाइम्ड आउट' उमटते. यावर ठरलेला सल्ला मिळतो: ड्रायव्हर एसएमपी-सेफ नाही, कार्ड बदला. माझ्या मते हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे आहे.

इंटरप्ट म्हणजे 'माझ्याकडे लक्ष दे' अशी कार्डाने प्रोसेसरला मारलेली हाक. पीसीवर एक-प्रोसेसर कर्नेल बहुधा जुन्या ८२५९ इंटरप्ट कंट्रोलरवर चालतो. त्यात १५ कामाच्या लाइन असतात, आणि कोणते कार्ड कोणत्या लाइनवर आहे ते बायोसने कार्डाच्या कॉन्फिगरेशन रजिस्टरमध्ये लिहून ठेवलेले असते. एसएमपी कर्नेल आयओ-एपिक (अनेक प्रोसेसरांसाठीचा नंतरचा इंटरप्ट कंट्रोलर) वापरतो. त्याला साधारण २४ पिना असतात, आणि कुठल्या स्लॉटची लाइन कुठल्या पिनेवर येते ही माहिती एमपी टेबलातून किंवा एसीपीआयच्या राउटिंग (इंटरप्टचा मार्ग, नेटवर्कचा नव्हे) टेबलातून घ्यावी लागते. म्हणजे त्याच कार्डासाठी फर्मवेअरने दोन वेगळे पत्ते दिलेले असतात. पहिला बरोबर आणि दुसरा चुकीचा असू शकतो, आणि एक-प्रोसेसर कर्नेलला त्याचा पत्ताही लागत नाही.

तपासायला दोन मिनिटे लागतात. '/प्रॉक/इंटरप्ट्स' (कोणता इंटरप्ट किती वेळा आला याची यादी) बघा, २० पिंग मारा, पुन्हा बघा. कार्डाच्या ओळीतला आकडा जागचा हलला नाही तर इंटरप्ट पोचतच नाही. दुसऱ्याच एखाद्या ओळीतला आकडा त्याच वेळी फुगत असेल तर तो तिकडे जातोय. समोरच्या मशीनवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारे साधन) लावला तर आणखी मजा दिसते: आपल्याकडून एआरपीची ('हा आयपी पत्ता कोणाचा?' ही) विचारणा बाहेर पडताना दिसते, कारण पाठवायला इंटरप्ट लागत नाही. तो लागतो पाठवून झाल्याची नोंद घ्यायला. आरटीएल८१३९ मध्ये पाठवणीची फक्त ४ डिस्क्रिप्टर (पॅकेटचे खण) असतात. इंटरप्ट येत नसेल तर चार पॅकेट जातात आणि रांग थांबते. पाच-सहा सेकंदांनी वॉचडॉग (पाठवणी अडकली का बघणारा कर्नेलचा पहारेकरी) कार्ड रीसेट करतो आणि पुन्हा चार जातात. हे चित्र दिसत असताना ड्रायव्हरचे लॉकिंग वाचत बसण्यात अर्थ नाही.

खटपट्या

चित्र बरोबर आहे, पण ते फक्त 'पहिल्या पिंगपासून मेलेल्या' कार्डाचे. निम्म्या तक्रारी वेगळ्या असतात: कार्ड तासभर उत्तम चालते, मोठी फाइल कॉपी करायला घेतली की मरते. राउटिंग चुकीचे असते तर पहिले पॅकेटच आले नसते.

हा ड्रायव्हरचाच दोष, आणि तो कुठे असतो तेही ठरलेले आहे. एक-प्रोसेसर कर्नेलमध्ये (प्रीएम्प्शन, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून दुसरे चालवणे, बंद असेल तर) स्पिनलॉक (एकच माहिती दोघांनी एकदम बदलू नये म्हणून लावलेले कुलूप) कंपाइल होताना नाहीसा होतो, इंटरप्ट बंद केले की काम भागते. एसएमपीवर इंटरप्ट बंद होतात ते फक्त स्वतःच्या प्रोसेसरवर. शेजारच्या प्रोसेसरवर हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारे ड्रायव्हरचे फंक्शन) खुशाल चालू असतो.

पाठवणीची रांग थांबवण्याची जागा घ्या. प्रोसेसर ० वर पाठवणारे फंक्शन बघते की रिंगमध्ये (डिस्क्रिप्टरांच्या वर्तुळात) जागा उरली नाही. ते रांग थांबवणार, इतक्यात प्रोसेसर १ वर इंटरप्ट येतो, हँडलर सगळी रिंग रिकामी करतो, 'रांग थांबलेली आहे का?' विचारतो, उत्तर 'नाही' मिळते, तो निघून जातो. आता प्रोसेसर ० रांग थांबवतो. रिंग रिकामी, कार्डाकडे पाठवायला काही नाही, म्हणून पुढचा पाठवणीचा इंटरप्टही नाही. रांग कोणीच उघडत नाही. वॉचडॉग पाच सेकंदांनी बोंब मारतो, आणि लॉगमध्ये दिसते हुबेहूब तेच जे तारतम्य यांनी वर लिहिलंय.

उपाय: रांग थांबवा, मग मेमरी बॅरिअर (लिहिण्या-वाचण्याचा क्रम पाळायला लावणारी सूचना), मग जागा पुन्हा मोजा, सापडली तर रांग लगेच उघडा. पूर्ण करणाऱ्या बाजूलाही 'थांबलेली आहे का' विचारण्याआधी बॅरिअर हवा. 'एक्स८६ वर बॅरिअर कशाला' म्हणणारे भेटतात. लिहिणे आधी आणि वाचणे नंतर असा क्रम एक्स८६ सुद्धा उलटा करू शकतो, आणि इथे नेमका तोच क्रम आहे.

तारतम्य

ही रेस (दोन प्रोसेसरांची शर्यत) खरी आहे, मान्य. पण मुख्य कर्नेलमधल्या जुन्या, घासून वापरलेल्या ड्रायव्हरांत ती कधीच बुजवलेली असते. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवलेला, कर्नेलबाहेरचा ड्रायव्हर असेल तर तुमचा संशय आधी, माझा नंतर.

आणि 'पहिले पॅकेट आले म्हणजे राउटिंग बरोबर' हेही पूर्ण खरे नाही. लाइन सामायिक असते. त्याच लाइनवर यूएसबी कंट्रोलर असेल आणि त्याचा ड्रायव्हर चढलेला नसेल, तर त्याने लाइन ओढून धरली की सोडवणारा कोणी नसतो. १,००,००० पैकी ९९,९०० पेक्षा जास्त इंटरप्ट कोणीच आपले मानले नाहीत की कर्नेल ती लाइनच बंद करतो. लॉगमध्ये 'नोबडी केअर्ड' आणि त्याखाली लाइनचा क्रमांक येतो. नेटवर्क कार्ड तोवर उत्तम चाललेले असते आणि मग गव्हाबरोबर किड्याने रगडले जावे तसे मरते. त्या संदेशाखाली लाइनवरच्या हँडलरांची नावे छापलेली असतात, ती कोणी वाचत नाही.

सरळमार्गी

एवढा खल कशाला? बूट ओळीत 'नोएपिक' घाला, चालले तर विषय संपला. चालणारे मशीन महत्त्वाचे, निदान नव्हे.

खटपट्या

सरळमार्गी, विषय संपत नाही, झाकला जातो. 'नोएपिक'ने सगळे प्रोसेसर चालूच राहतात, पण सगळे जुने इंटरप्ट ८२५९ मार्गे एकट्या प्रोसेसर ० वर येतात. चार पीसीआय लाइन उरल्यासुरल्या ५, ९, १०, ११ वर कोंबल्या जातात, सामायिकपणा वाढतो, आणि तारतम्य यांनी सांगितलेला 'नोबडी केअर्ड' जास्त जवळ येतो. शिवाय वेळापत्रक बदलल्यामुळे माझी रेसही कधीकधी लपते. म्हणून 'नोएपिक'ने चालले याचा अर्थ 'राउटिंगच चुकले होते' असा काढता येत नाही.

तारतम्य

एकट्याने काढता येत नाही, जोडीने येतो. दोन वेगवेगळे बूट करा:

'मॅक्ससीपीयूज=१': प्रोसेसर एकच, आयओ-एपिक चालू.
'नोएपिक': प्रोसेसर सगळे, आयओ-एपिक बंद.

पहिल्यात मेले आणि दुसऱ्यात चालले तर राउटिंग. पहिल्यात चालले आणि दुसऱ्यात मेले तर ड्रायव्हरची रेस. घोटाळा होतो तो 'नोएसएमपी' वापरल्याने. तो प्रोसेसरही एकावर आणतो आणि आयओ-एपिकही बंद करतो; 'मॅक्ससीपीयूज=०' चा अर्थही तोच. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या की चाचणीतून काहीच कळत नाही, आणि नेमका हाच पर्याय लोक सर्वात आधी घालतात.

जुना_बीएक्स

दोघांच्या चौकटीत न बसणारे एक उदाहरण देतो. दोन पेंटियम-२ किंवा ३, इंटेल ४४०बीएक्स चिपसेट, आणि पीसीआय एनई२००० कार्ड. राउटिंग बरोबर, पिन बरोबर, ड्रायव्हरमध्ये रेस नाही. तरी जोराची वाहतूक झाली की कार्डाची लाइन 'अडकते' आणि त्यानंतर एकही इंटरप्ट येत नाही.

कारण असे. या कार्डाच्या ८३९० चिपची रजिस्टरे पानांत विभागलेली असतात, आणि पान बदलायला कमांड रजिस्टर वापरावे लागते. एका प्रोसेसरवर पॅकेट कार्डात ओतले जात असताना दुसऱ्यावरच्या हँडलरने पान बदलले तर सगळा विचका. आता १५०० बाइट प्रोग्रॅम्ड आयओने (प्रोसेसरने स्वतः हलवून) ओतायला वेळ लागतो. तेवढा वेळ त्या प्रोसेसरवरचे सगळे इंटरप्ट बंद ठेवले तर सीरियल पोर्टची अक्षरे गळतात. म्हणून ड्रायव्हर फक्त त्या कार्डाची लाइन बंद करतो, काम झाले की उघडतो. म्हणजे प्रत्येक पॅकेटला आयओ-एपिकची नोंद झाकणे-उघडणे. वरून इंटरप्टचा मारा. या जोडीत आयओ-एपिक कधीतरी अडकतो. कर्नेलच्या एपिक कोडमध्ये यावर टिप्पणीच आहे: कारण अज्ञात, पण 'फोकस प्रोसेसर' सोय (तो इंटरप्ट आधीच हाताळणाऱ्या प्रोसेसरकडेच पुढचाही पाठवणे) बंद केली की अडकणे कमी होते.

जवळचाच दुसरा दोष: ८२०९३एए आयओ-एपिक कधीकधी लेव्हल इंटरप्ट (लाइन ओढलेली असेपर्यंत टिकणारा) एज (लाइन बदलण्याच्या क्षणापुरता) म्हणून पोचवतो, मग काम संपल्याची पोच त्याला मिळतच नाही आणि तो पुढचे इंटरप्ट अडवून ठेवतो. कर्नेल हे ओळखून लाइन सोडवतो आणि '/प्रॉक/इंटरप्ट्स'च्या तळाशी 'एमआयएस' ओळीत मोजतो. त्याच्यावरची 'ईआरआर' ओळही बघा. त्या काळी एपिकची स्वतंत्र सीरियल बस होती. तिच्यावर गडबड झाली की 'एपिक एरर ऑन सीपीयू०: ०२(०२)' असे दिसते, ०२ म्हणजे आलेल्या संदेशाची बेरीज जुळली नाही. एबिट बीपी६ यासाठी कुप्रसिद्ध होता.

तारतम्य, तुमची जोडचाचणी इथे 'राउटिंग' असा निकाल देईल, कारण 'नोएपिक'ने हे बरे होते आणि एका प्रोसेसरवरही आयओ-एपिक तोच असतो. निकाल साफ चुकीचा. टेबल दुरुस्त करत बसाल आणि हाती काही लागणार नाही.

तारतम्य

हे उदाहरण माझ्या चाचणीला छेद देते, पण फरक वेळेत दिसतो. राउटिंग चुकले तर आकडा बूटपासून शून्य. अडकलेली लाइन लाखभर मोजून थांबते. म्हणून जोडचाचणीच्या आधी आकडा. ओळीत 'एज' लिहिले आहे की 'लेव्हल' (नव्या कर्नेलवर 'फास्टईओआय') तेही बघा. पीसीआय लाइन 'एज' दिसली तर टेबलातच चूक आहे.

चौथी_रांग

चर्चा ऐतिहासिक होत चालली आहे. आजची कार्डे लाइन वापरतच नाहीत, एमएसआय किंवा एमएसआय-एक्स वापरतात. त्यात कार्ड ठरलेल्या पत्त्यावर मेमरी-राइट करते आणि ते थेट प्रोसेसरच्या लोकल एपिककडे जाते, आयओ-एपिक मध्ये येतच नाही. म्हणून 'नोएपिक'ची चाचणी या कार्डांना लागूच नाही. '/प्रॉक/इंटरप्ट्स'मध्ये 'पीसीआय-एमएसआय' दिसत असेल तर 'पीसीआय=नोएमएसआय' ने बूट करा. त्याने चालले तर संशय ब्रिजवर (कार्ड आणि प्रोसेसरमधला दुवा) किंवा इंटरप्ट रीमॅपिंगवर (इंटरप्ट वळवणारी सोय).

आणि वॉचडॉगचा संदेश आला म्हणजे एसएमपीच दोषी असेही नाही. पलीकडचा स्विच सतत पॉज फ्रेम पाठवत असेल तर कार्ड शिस्तीत थांबून राहते आणि वॉचडॉग तरीही ओरडतो. 'ईथटूल -एस' (ईथटूल म्हणजे कार्डाची मांडणी बघण्या-बदलण्याची आज्ञा) मध्ये पॉजचे आकडे बघा, 'ईथटूल -ए' ने फ्लो कंट्रोल बंद करून बघा. इंटेल ८२५७४ सारख्या कार्डांत पीसीआय एक्सप्रेसची वीजबचतही कार्ड गोठवते; 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' हा एक बूट खर्चायला हरकत नाही.

सरळमार्गी

मग रेस आहे हे सिद्ध कसे करायचे? लॉकडेप (कर्नेलमधली लॉक तपासणारी सोय) चालू केला की कळेल?

खटपट्या

नाही. लॉकडेप लॉक घेण्याचा उलटा क्रम पकडतो. जे लॉक घेतलेच नाही ते त्याला दिसत नाही. त्यासाठी केसीसॅन (कर्नेलमधली रेस शोधणारे साधन), कर्नेल ५.८ पासून. पण त्याने कर्नेल इतका मंदावतो की रेसची खिडकीच सरकते, म्हणून आधी हाताने घडवून आणा.

'आयआरक्यूबॅलन्स' (इंटरप्ट प्रोसेसरांत वाटणारी सेवा) बंद करा. कार्डाच्या इंटरप्टच्या 'एसएमपी_अ‍ॅफिनिटी' फाइलमध्ये १ लिहा, म्हणजे इंटरप्ट प्रोसेसर ० वर खिळला. 'ईथटूल -जी' ने पाठवणीची रिंग कार्ड परवानगी देईल तितकी लहान करा, ६४ वर आली तर उत्तम. रिंग जितकी लहान तितक्या वेळा ती भरते आणि रांग थांबवण्याच्या त्या जागेतून तितक्या वेळा जावे लागते. मग लहान पॅकेटांचा मारा, आधी 'टास्कसेट -सी ०' ने (प्रोग्रॅम ठरावीक प्रोसेसरवर बांधणारी आज्ञा), नंतर 'टास्कसेट -सी १' ने. ० वर रात्रभर चालले आणि १ वर मिनिटांत मेले, तर तारतम्य यांच्या टेबलांचा यात काही संबंध नाही. कार्डात बऱ्याच रांगा असतील तर आधी 'ईथटूल -एल' ने एकच ठेवा, नाहीतर मारा भलत्याच रांगेत जाईल आणि तुम्ही निर्दोष ठरवाल.

तारतम्य

ही चाचणी मान्य, एका अटीवर: मेल्यानंतर इंटरफेस लगेच खाली-वर करू नका. आधी '/प्रॉक/इंटरप्ट्स' दोनदा, पाच सेकंदांच्या अंतराने. बाहेरून त्या मशीनला पिंग मारत राहा. आकडा वाढतोय, येणारी पॅकेट मोजली जातायत, फक्त जाणारी थांबलीत: मग ड्रायव्हर, मी वाद घालणार नाही. आकडा गोठला असेल तर तक्रार ड्रायव्हरवाल्यांकडे नेण्याआधी पूर्ण डीमेसेज (कर्नेलचा लॉग) आणि 'एसीपीआयडंप' (एसीपीआय टेबलांची नक्कल) काढून ठेवा.

जुना_बीएक्स

आणि 'एमआयएस', 'ईआरआर' या दोन ओळी कापू नका. लोक फक्त 'ईथ०'ची ओळ चिकटवतात.